फी भरून सोडवलेला कागद

सरकारनं फी लावली म्हणून खूश झालेली बाई अख्ख्या शेळगावात मी एकटीच असेन. बाकी सगळ्यांनी सरकारच्या नावानं बोटं मोडली. खाणीत सुरुंग उडवायचं सर्टिफिकेट, मुदत संपली की ते नवं करून घेणं, खाणीचे सुरक्षेचे परवाने, हे सगळं आजवर बिनपैशाचं होतं. आता त्या प्रत्येकाला फी पडणार अशी बातमी आली आणि आमच्या भागातल्या खाणींवर, खडी क्रशरवर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. आधी मीही चिडलेच. टोमॅटोला भाव नाही, खताच्या गोणीला हात लावायची सोय नाही, आणि आता दगड फोडायचे तरी सरकारच्या हातावर पैसे ठेवायचे का, असं चुलीपुढं बसून बरंच बडबडले. ऐकायला कुणी नव्हतं. थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की अगं बाई, आपल्याला तर हेच पाहिजे होतं.

ते का, हे सांगायचं तर आधी आमच्या ह्यांचं काम सांगायला हवं. हे दगडखाणीत सुरुंग उडवतात. आमच्याकडं त्याला बार उडवणं म्हणतात. लग्न झालं तेव्हा हे ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर घेऊन विहिरी फोडत हिंडायचे. इंदापूर तालुक्यात किती विहिरींचं पाणी मालकाच्या आधी ह्यांनी पाहिलं असेल ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पुढं विहिरींची कामं कमी झाली, खडीची मागणी वाढली, आणि हे तात्यांच्या खाणीवर लागले. शेती मी बघते. कॅनॉलच्या खालच्या अंगाला आमचं रान आहे, त्यात टोमॅटो, वांगी आणि एका तुकड्यात पेरू. खाण आमच्या रानाच्या वरच्या माळावर आहे, त्यामुळं माझा संसार सगळा त्या आवाजाच्या टप्प्यात झाला.

बार दुपारी उडतो, माणसं जेवायला वर आली की. आधी भोंगा वाजतो, लाल फडकं लागतं, हे चारी बाजूंना तोंड करून ओरडतात, आणि मग जमीन हादरते. रानातले बगळे उडतात. धुरळा खाली बसला की माझ्या फोनवर ह्यांचा मिस्ड कॉल येतो. तो उचलायचा नाही. वाजून थांबला की समजायचं, माणूस धड आहे. घरात पहिला साधा फोन आला तेव्हापासूनची ही रीत. बार आणि मिस्ड कॉल यांच्या मधल्या वेळात मी हातातलं खुरपं खाली ठेवत नाही, पण तेवढ्या वेळात खुरपलेल्या सरीत तण राहतंच. नंतर परत मागं यावं लागतं.

हे झालं पहिल्या बाराचं. थोड्या वेळानं दुसरा बार ऐकू यायचा, लांबून, बारामतीकडच्या माळावरून. तीही खाण तात्यांचीच. त्या बारानंतर मिस्ड कॉल यायचा नाही, कारण तिथं हे नसायचे. तिथं ह्यांचं सर्टिफिकेट असायचं.

तात्या म्हणजे खाणीचे मालक. लहानथोर सगळे त्यांना तात्याच म्हणतात. वाईट माणूस असता तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते. पण माझ्या बाळंतपणात त्यांची जीप दारात उभी होती, सासऱ्यांना बारामतीच्या दवाखान्यात त्यांनीच नेलं, आणि ह्यांचं सर्टिफिकेटही त्यांनीच काढून दिलं. परीक्षेला स्वतःच्या गाडीतून नेलं, डोळ्याकानाची तपासणी करवून घेतली, कुणाकुणाच्या ओळखी काढल्या. आमचा एक पैसा गेला नाही. सर्टिफिकेट आलं तेही त्यांच्याच पत्त्यावर. "तुझ्या घरात धुरानं काळं पडंल, मी फ्रेम करून ठेवतो," असं ते ह्यांना म्हणाले. पुढं दुसरी खाण सुरू झाली आणि ती फ्रेम तिकडच्या ऑफिसात गेली. तपासणीला कुणी आलं तर भिंतीवर कागद दिसला पाहिजे ना. इकडच्या खाणीत तर खुद्द माणूसच उभा होता.

तिकडं बार कोण द्यायचं? ह्यांच्या हाताखाली थोडे दिवस काढलेले गडी. बघून बघून शिकलेले. त्यांच्या हातून काही झालं, कुणाचा जीव गेला, तर पोलिस भिंतीवरचं नाव वाचणार. मी हे ह्यांना शंभरदा सांगितलं. हे म्हणायचे, "अगं, तात्यांनी फुकाट काढून दिलंय. आता माघारी कुठल्या तोंडानं मागू?"

पैसे देऊन आणलेली चप्पल चावली तर आपण दुकानदाराच्या डोक्यावर नेऊन आपटतो. उपकारात मिळालेल्या चपलेला फोड आले तरी चालत राहायचं. दुसरा बार झाला की माझं खुरपं परत परत त्याच सरीत फिरायचं, कारण तिकडून सगळं ठीक आहे असं कळवणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुऊन बसले आणि तिकडचं काही वाईट कानावर आलं नाही, की मग तो दिवस पार पडला म्हणायचा. अशी वर्षं गेली.

तर चुलीपुढं माझ्या डोक्यात आलं ते हे. आता फी आहे. जो फी भरेल त्याला पावती मिळेल. ह्यांच्या सर्टिफिकेटची मुदत संपतच आली होती. आपली फी आपण भरायची, पावती आपल्या नावाची घ्यायची आणि नवा कागद आपल्या घरी आणायचा. त्यात कुणाचे पाय धरायचे नव्हते आणि कुणाशी वाकडंही घ्यायचं नव्हतं.

संध्याकाळी हे आले ते हसतच.

"तात्यांनी सांगून टाकलंय. समद्यांची फी तेच भरणार. आपल्याला एक रुपया पडायचा न्हाय."

"मग तुमी काय म्हणलात?"

"काय म्हणणार? समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तुमीबी वाजवल्या?"

"वाजवल्या की."

मी ताट ठेवलं ते जरा आवाज करूनच. "मग ऱ्हाऊ द्या तुमचं नाव अजून त्या माळावर टांगलेलं. तितं कुणाचं बरंवाईट झालं की पोलिस हितंच येतील. त्यास्नी चहा करून ठेवते मी."

हे जेवले, पण नेहमीसारखी वरून भाकरी मागितली नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी माल घेऊन निमगाव केतकीला गेले. ह्यांचं आधार कार्ड आणि घरात होती ती सर्टिफिकेटची झेरॉक्स पिशवीच्या तळाशी घातली होती. टोमॅटो लवकर संपले, वांगी शेवटी येईल त्या भावानं दिली आणि मी थेट तिथल्या सेवा केंद्रात शिरले. खुर्चीवरच्या मुलीला म्हटलं, ही फी भरायची आहे. असली फी तिनंही पहिल्यांदाच पाहिली होती. बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये शोधाशोध करून तिनं ती बरोबर काढली, ह्यांचा मोबाईल नंबर विचारला आणि माझ्या हातात पावती ठेवली. पावतीवर ह्यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. ती मी घडी न घालता ठेवली. ह्यांना न विचारता हा उद्योग केला होता, म्हणून जाता जाता ह्यांच्या आवडीची गोडीशेव घेतली. घरी लाडीगोडी लावावी लागणार होती.

पण लाडीगोडीची वेळच आली नाही. फी भरल्याचा मेसेज परस्पर ह्यांच्या फोनवर गेला होता, आणि तो इंग्रजीत. हे तेव्हा खाणीवर तात्यांच्या खुर्चीशेजारीच उभे. बँकेतून पैसे कापले की काय अशी ह्यांना भीती वाटली, आणि ह्यांनी फोन कुणाच्या हातात द्यावा? तात्यांच्या. "बगा की तात्या, काय आलंय."

तात्यांनी चष्मा लावून वाचलं. "सर्टिफिकेटची फी भरल्याचं आलंय. मूळ कागद घेऊन ऑफिसात या म्हणत्यात. मी तर अजून कुणाचीच भरली न्हाय. कुणी भरली?"

"आमच्या घरच्या मालकिणीनं भरली असंल," हे म्हणाले. ह्यांना खोटं बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी इतक्या झटपट सुचलं नसतं.

तात्यांनी फोन परत दिला. "माझ्या पैशाला काय इख लागलंय व्हय?"

ह्यांनी मान खाली घातली. आणि मग ज्या माणसानं तात्यांपुढं कधी ब्र काढला नव्हता तो म्हणाला, "तसं न्हाय तात्या. पर आता पावती माझ्या नावाची झालीया. तेवढा कागद न्यावा म्हणतो."

"तितं भिंतीवर हाय. ने काढून," असं म्हणून तात्या उठून गेले.

ही सगळी हकिगत ह्यांनी मला गोडीशेव खात खात सांगितली. मी भांडणाच्या तयारीत कंबर कसून बसले होते आणि समोर भांडायला कुणीच नव्हतं. शेव संपवून हात झटकत हे म्हणाले, "उद्या सकाळी गाडी काढ. कागद आणू."

गाडी म्हणजे माझी स्कूटी. ती मी चालवते आणि हे मागं बसतात. सुरुंगाला न घाबरणारा माणूस स्कूटीवर माझा खांदा घट्ट धरून बसतो. त्या माळावरच्या खाणीचा आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता, पण खाण पाहिली ती त्या दिवशी. पत्र्याचं ऑफिस, पुढं पाण्याची टाकी, आत एक टेबल आणि टेबलामागं दिवाणजी. मी उंबऱ्यातून आत पाय टाकला, समोरच्या भिंतीकडं पाहिलं आणि तिथंच थांबले.

भिंतीवर फ्रेम होती. फ्रेममध्ये सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेटवर ह्यांचा फोटो. आणि त्या फ्रेमला हार घातलेला होता.

झेंडूचा हार, वाळून तपकिरी झालेला. फ्रेमला काच कधी होती की नाही कोण जाणे, ह्यांच्या फोटोवर हळदीकुंकवाचा थर बसला होता, नाक तेवढं दिसत होतं. खालच्या फळीवर उदबत्तीची राख. भिंतीवरच्या फोटोला आपल्याकडं हार कधी घालतात ते मी सांगायला नको.

"ह्ये काय केलंय?" मी म्हणाले.

दिवाणजी गडबडून उभा राहिला. "दसऱ्याचा हार हाय, वयनी. खाणीतली समदी हत्यारं पुजतो की आमी. घण, पहार, कंप्रेसर. त्यात ह्येबी आलं. ह्या कागदावर तर समदी खाण चालतीया."

तो चुकीचं बोलत नव्हता आणि त्यामुळं मला जास्तच राग आला. दर दसऱ्याला ती माणसं माझ्या नवऱ्याच्या फोटोला भक्तिभावानं कुंकू लावत होती, हार घालत होती, पाया पडत होती, आणि तो हार पुढच्या दसऱ्यापर्यंत तसाच लटकत ठेवत होती. जी भीती मी रोज दुपारी पोटात घेऊन फिरत होते, ती ह्या लोकांनी फ्रेम करून भिंतीला लावली होती. मी स्टुलावर चढून फ्रेम खिळ्यावरून काढली. कुणी अडवलं नाही.

निघता निघता ह्यांनी आपल्या सवयीनं विचारलं, "कालचा बार समदा उडाला का?"

"एक भोक ऱ्हायलं वाटतं," दिवाणजी म्हणाला. "गडी बघत्यात त्याचं."

तेवढ्यात खालून भोक मारायच्या मशीनचा आवाज सुरू झाला, आणि हे पळत सुटले.

राहिलेला बार म्हणजे ज्या भोकात सुरुंगाची दारू भरली पण उडालीच नाही ते भोक. त्याला खेटून मशीन लावलं तर तो कुठल्याही क्षणी उडू शकतो, आणि मग मशीन धरणारा माणूस हाताला लागत नाही. ह्यांचं ओरडणं मला ऑफिसात ऐकू आलं. घरात ज्यांचा आवाज कधी चढत नाही त्यांचा तो आवाज होता. मशीन बंद झालं. गडी एकेक करून वर आले, खाली माना घालून. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी ह्यांचा हात धरला. "कागद मिळाला. चला घरी. तात्यांची खाण तात्या बघतील."

"कागद आत्ता काढलास तू," हे म्हणाले. "ह्यो बार कालचा हाय. काल हितं माझं नाव होतं."

आणि ते परत खाली उतरले.

ते काम कसं करतात ते मला ऐकून माहीत होतं. जुन्या भोकाला हात लावायचा नाही. त्याच्यापासून बेतानं लांब नवं भोक मारायचं, त्यात दारू भरायची आणि त्याच्या दणक्यानं जुना बार उडवून द्यायचा. ऐकायला सोपं आहे. मी टाकीच्या सावलीत बसले होते आणि माझ्या मांडीवर ह्यांची फ्रेम होती, हारासकट. खाली मशीन पुन्हा सुरू झालं. हार काढावा तर मन घेईना, न काढावा तर बघवेना. जिवंत माणसाच्या फोटोला हार, आणि माणूस खाली न उडालेल्या बारापाशी. मशीन थांबलं तेव्हा मी तो हार ओरबाडून काढला आणि टाकीखालच्या चिखलात फेकून दिला. पूजेचं फूल पायदळी टाकू नये हे मला कळतं. त्या वेळी कळून घ्यायचं नव्हतं.

भोंगा वाजला. ह्यांचं ओरडणं ऐकू आलं. मग जमीन हादरली, पत्रे थडथडले आणि खाणीच्या तोंडातून धुरळा वर आला. मला समोरचं काही दिसेना. दिवाणजी काहीतरी म्हणाला तेही कळलं नाही.

माझ्या हातातला फोन वाजला. ह्यांचा मिस्ड कॉल.

हाक मारली असती तर ऐकू आली असती एवढ्या अंतरावर हा माणूस होता. पण बार उडाला की मिस्ड कॉल द्यायचा, एवढंच त्याला माहीत. मी त्या गड्यांसमोर, दिवाणजीसमोर तोंडाला पदर लावून रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. त्या माळावरच्या बाराला आलेला तो पहिला मिस्ड कॉल होता.

पुढं ऑफिसात जायची तारीख आली. खाणसुरक्षेचं ते ऑफिस लांब, एसटी बदलून जायचं. निघायच्या आधी ह्यांनी बागेतले चांगले पेरू निवडून पिशवीभर घेतले. साहेबापुढं रिकाम्या हातानं कसं जायचं? मलाही ते बरोबरच वाटत होतं. आमच्या दोघांच्याही आयुष्यात सरकारी काम पिशवीशिवाय कधी झालं नव्हतं.

खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी पावती पाहिली, आधार पाहिलं आणि सर्टिफिकेट हातात घेऊन उलटसुलट केलं. "हे काय लागलंय?"

"दसऱ्याचं हाय," हे म्हणाले. "पुजलंय."

"फोटो दिसत नाही. सहीवर हळद आहे. हा कागद चालणार नाही."

ह्यांचा चेहरा उतरला. हात पेरूच्या पिशवीकडं गेला. माझ्या मनात आलं, आता परत तात्या, परत जीप, परत कुणाची तरी ओळख. मी विचारलं, "मग काय करायचं?"

त्यांनी मान वर न करता भिंतीवरच्या फलकाकडं बोट दाखवलं. तिथं सगळ्या फीची यादी लावली होती. खराब झालेल्या सर्टिफिकेटबदली दुसरं, त्याचीही फी त्यात होती. आमच्यासारखा गोंधळ घालणाऱ्यांचीही सरकारनं सोय करून ठेवली होती. त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली मला. फोनवरून पैसे भरले, दुसरी पावती आली. ह्यांनी नवा फोटो दिला, अंगठा टेकवला, सही केली.

"झालं. नवीन सर्टिफिकेट घरी येईल."

"कुणाच्या घरी?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या. पत्ता हाच ना?" त्यांनी पत्ता वाचून दाखवला. आमचाच होता. पेरू मात्र त्यांनी घेतले नाहीत. "ते आत ठेवा आधी," म्हणाल्या, जरा दरडावूनच.

आम्ही खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसलो. हे म्हणाले, बोलवतील. मलाही वाटलं, बोलवतील. कुणीतरी साहेब असेल, तो आत घेईल, कुठल्या गावचे विचारेल, कुणाकडून आलात विचारेल. नाहीतर उद्या या म्हणेल. एवढ्यावर काम संपतं हे आमच्या डोक्यातच शिरत नव्हतं. लोक येत होते, फी भरत होते आणि जात होते. आम्ही आपले पिशवी मांडीवर घेऊन शहाण्यासारखे बसलो होतो. दुपारी त्या बाई डबा खायला उठल्या आणि आम्हाला बघून थबकल्या.

"तुम्ही अजून इथंच?"

"साहेबांना भेटायचं ऱ्हायलंय," हे म्हणाले.

"कुठल्या साहेबांना?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं.

"अहो, कुणालाच भेटायचं नाहीये. तुमचं काम सकाळीच झालं."

हे उभे राहिले, सवयीनं हात जोडले, आणि हात कुणापुढं जोडायचे ते न कळून खाली सोडले. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की कठड्याला धरून उतरले. एसटीत आम्ही ते पेरू खाल्ले, शेजारच्यांना वाटले. हे एरवी प्रवासात घुम्यासारखे बसतात, त्या दिवशी कंडक्टरलासुद्धा पेरू देऊन खाणीच्या गोष्टी सांगत होते. नंतर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले आणि थेट आमचा फाटा आल्यावर उठवलं तेव्हाच जागे झाले.

सर्टिफिकेट घरी आलं. पोस्टमनकडून सही करून मीच घेतलं आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं. तात्यांची ती माळावरची खाण बरेच दिवस बंद राहिली, कारण भिंतीवर लावायला काही उरलं नव्हतं. तात्या रागावले होते. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ह्या फीनं माणसं परकी केली बग." मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. उद्या अडीनडीला त्यांची जीप मागताना माझी जीभ अडखळेल, हे मलाही माहीत आहे. पण दुपारी मी निवांत जेवते, आणि एवढ्यासाठी मी तसल्या कितीतरी फिया भरल्या असत्या.

पुढं तात्यांनी सांगवीचा एक तरुण ठेवला. त्यानं स्वतः परीक्षा दिली, स्वतःची फी भरली आणि कागद स्वतःच्या घरी ठेवला. खाणीत झेरॉक्स लावली. ह्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणे, बार उडाला की घरी मिस्ड कॉल द्यायचा. त्याची आई फोन वापरत नाही, म्हणून तो मला देतो. आता दुसरा बारही मी ऐकते आणि फोन वाजला की पुढच्या सरीला लागते.

दसऱ्याला ह्यांनी अंगणात पोतं अंथरून घण, पहार, छिन्न्या मांडल्या. मला म्हणाले, "कागदबी दे." मी दिला. ह्यांनी तो पोत्याच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि माझ्या तबकातला झेंडूचा हार उचलून कागदाकडं वाकले.

मी हार त्यांच्या हातातून घेतला. "त्याला न्हाय."

"मग कशाला?"

मी तो हार त्यांच्या गळ्यात घातला. हे लाजले, आधी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हार काढायला हात वर नेला तसाच खाली घेतला. हार घालूनच चहा प्यायले, हार घालूनच गोठ्यात वैरण टाकायला गेले. परत आले तेव्हा एका बाजूची फुलं गाईनं खाल्ली होती. उरलेला हार त्यांच्या गळ्यात संध्याकाळपर्यंत होता.